शेजारच्या आजी, १६० एकर आणि अंड्यांचे पैसे

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात येऊन मला सहा वर्षं झाली आणि इथे माझं सगळ्यात हक्काचं घर कुठलं तर आमच्या शेजारच्या आजींचं. वय ९१. मी त्यांना आजीच म्हणते, एकदा त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला, तेव्हापासून माझ्या बर्थडे कार्डवर खाली इंग्रजी अक्षरांत 'आजी' अशीच सही असते.

त्यांचं शेत गावाबाहेर आहे, १६० एकर, मका आणि सोयाबीन, आता एका तरुण शेतकऱ्याला खंडाने दिलंय. परवा टोमॅटो बाटल्यांत भरायला मला बोलावलं होतं, दिवसभर उकळत्या पाण्यात काचेच्या बरण्या घालायच्या नि काढायच्या, आणि हात चालू असले की आजी बोलतात, एरवी फारसं नाही.

त्यांच्या लहानपणी शेतावर वीज नव्हती. १९३५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या दहा शेतांपैकी साधारण एकावरच वीज होती, मग १९३६ च्या कायद्याने सरकारी कर्जं मिळाली, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून तारा ओढल्या. आपल्याकडे साखर कारखान्यांचं कसं झालं तसंच काहीसं! आजी सहा वर्षांच्या असताना घरात पहिला बल्ब लागला. फ्रॉक कोंबड्यांच्या खाद्याच्या फुलाफुलांच्या पोत्यांचे, आणि लग्नानंतर किराणा, पोरांचे बूट सगळं अंड्यांच्या पैशातून. मका-सोयाबीनचा पैसा यायचा आणि बँकेत जायचा, घर चालायचं ते कोंबड्यांवर.

पाच मुलं. ऑक्टोबरात मळणी सुरू झाली की नवरा कंबाइनवर आणि आजी धान्याचा ट्रक घेऊन गावातल्या एलिव्हेटरवर, म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठारावर, रांगेत. परत येताना सगळ्यांचं जेवण घेऊन बांधावर.

मग १९८० चं दशक आलं. आयोवात एकराचा सरासरी भाव १९८१ ला २१४७ डॉलर होता तो १९८६ ला ७८७ वर आला, आणि चढ्या भावात जमीन घेतलेल्यांच्या डोक्यावर १७-१८ टक्के व्याज. शेजारची दोन शेतं लिलावात गेली ते सांगताना आजींचा हात बरणीवर थांबला. १९८२ ला त्या शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागल्या, पगारासाठी तर होतंच पण त्याहून जास्त हेल्थ इन्शुरन्ससाठी, कारण शेतकऱ्याला तो स्वतः घ्यायचा म्हणजे परवडत नाही. पहाटे गोठा, सात वाजता शाळा, दुपारी तीनला परत ट्रॅक्टर. अशी १७ वर्षं.

आणि एवढं करून कागदावर काय? मला हेच सहन होत नाही. १९८१ चा कायदा येईपर्यंत नवरा गेला की जमीन दोघांच्या नावावर असली तरी सगळी त्याचीच धरून वारसा कर लावायचे, बायकोने स्वतःचा पैसा घातल्याचं सिद्ध केलं तरच तिचा वाटा सोडायचे. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत थोडी सूट आली होती, पण मुळात कोंबड्या, ट्रक, जेवणं यांची पावती कुठून आणायची हो? शेतीच्या खानेसुमारीतसुद्धा २००२ पर्यंत एका शेताला एकच शेतकरी लिहून घ्यायचे. आजी म्हणाल्या, फॉर्म मीच भरायचे, नाव त्याचं लिहायचे.

रात्री आईला फोन केला. विचारलं, आई, सातबाऱ्यावर तुझं नाव आहे का गं? अगं तुझ्या बाबांचं आहे ना, म्हणाली. आमच्या गावातही लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोचं नाव जमिनीला लावायच्या मोहिमेच्या वेळी काही बायकांची नावं लागली होती, तेव्हा आईचं राहिलं ते राहिलंच. मग मी तिला आजींचं सगळं सांगितलं, ती गप्प ऐकत होती, आणि शेवटी एवढंच विचारलं, "त्या बाईंचं नाव लागलं का गं मग?"

लागलं, म्हटलं. नवरा गेल्यावर.