कालचा चौकोन

रात्र बरीच झाली आहे. घरात सगळे झोपलेत. मीही झोपले आहे असंच त्यांना वाटतंय.

काल वावरात सीतादही झाली, कापूस वेचणीआधीची पूजा. धुऱ्याजवळ खडे मांडले, दहीभात ठेवला, आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि वेचणी सुरू झाली. मी कापूस वेचायची ओटी बांधली नाही. "वाकू नको" असं आता डोक्याच्या ऑपरेशनला नऊ महिने झाल्यावर कुणी म्हणत नाही, पण ती भीती माझ्या अंगात राहून गेली आहे. मी बाभळीखाली बसून बायांना पाणी देत होते. शेवंताकाकूनं गडू तोंडाला लावता लावता विचारलं, "डोस्कं त नाई दुखत ना वो माय आता?"

"नाई वो काकू. आता काहीच नाई."

एवढंच झालं. काकू आपल्या तासाला लागली. आणि मी तिथंच बसले, उजव्या डोळ्यामागे ठणका घेऊन. समोर फुटलेल्या पऱ्हाटीवर ऊन पडलं होतं आणि तो पांढरा उजेड सरळ डोळ्यात घुसत होता.

कालपासून मी त्या "नाई"पाशीच अडकले आहे. काकूशी खोटं बोलायचं मला काय कारण? तिनं मायेनं विचारलं होतं. "कधी कधी दुखते" एवढं म्हटलं असतं तर काय झालं असतं? पण तिचं विचारून संपायच्या आत माझ्या तोंडातून निघून गेलं होतं. पाठ असल्यासारखं.

पाठच आहे. फेब्रुवारीपासून किती जणांना सांगितलं असेल. दादाला फोनवर, वन्संना, अंगणवाडीतल्या मदतनीसबाईंना. आणि घरात तर कुणी विचारतच नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेशन झालं, गाठ गेली, डोस्कं बंद.

आधीची चौदा वर्षं मी खरं सांगत होते, तेव्हा कुणाला पटत नव्हतं. पित्त झालं असेल. ऊन लागलं असेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. "कामाच्या टायमालेच कशी दुखते वो?" हेही ऐकलं. मग मागच्या दिवाळीत मी दाराच्या चौकटीला डाव्या खांद्यानं धडकायला लागले. रस्त्यानं बाजूची मोटारसायकल अंगावर येईपर्यंत दिसायची नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रापुढे बसवून उजेडाचे ठिपके दाखवले. ठिपका दिसला की बटण दाबायचं. कागद निघाला तेव्हा दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू काळी होती. ते म्हणाले, चष्मा नको, आधी डोक्याचा एमआरआय काढा.

पीयूषिका ग्रंथीची गाठ. 24 मिलिमीटर. ग्रंथी मूळची वाटाण्याएवढी, नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोगिरात बसलेली. तिच्यातली गाठ 10 मिलिमीटरच्या वर गेली की तिला मोठी गाठ म्हणतात. माझी वर वाढून डोळ्यांच्या नसांवर टेकली होती. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, बनवणारी असती तर बहुतेक गोळ्यांनीच आकसली असती, पण ती तसली नव्हती.

त्या दिवशी नागपूरहून परतताना एसटीत मला रडू आलं नाही. कुणाला सांगितलेलं नाही, पण मला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांनी माझ्या दुखण्याला साक्षीदार मिळाला होता. काळ्या फिल्मवर पांढरा, सगळ्यांना बोट ठेवून दाखवता येईल असा. आत्याबाईंनी ती फिल्म उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून चुलीजवळ मला बसू दिलं नाही.

ऑपरेशन नाकातून दुर्बिणीनं झालं. आधी सर्जननी आम्हा दोघांना समोर बसवून नीट सांगितलं होतं. ऑपरेशन नजर वाचवायला आहे. डोकेदुखी पुष्कळांची कमी होते, काहींची होत नाही, मी शब्द देत नाही. गाठीच्या आकारावरूनही सांगता येत नाही, म्हणाले. मोठी गाठ असून कधी डोकं न दुखलेली माणसं असतात आणि दाण्याएवढ्या गाठीनं हैराण झालेलीही. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, त्याच्या आवरणाला कळतं. ते ताणलं गेलं की दुखतं. पण ताण हे एकच कारण नाही.

हे मी ऐकलं होतं. ह्यांनीही ऐकलं होतं. पण घरी येऊन सांगताना "आता डोस्कं कायमचं बंद होते" असं कसं झालं कोण जाणे. कदाचित मीच तसं सांगितलं असेल. बैल विकायचे होते, काहीतरी सांगायला हवं होतं.

पोळ्याला ह्यांनी मातीची जोडी आणली. दारात मी ओवाळायला गेले तर… ते राहू दे.

पहिल्या आठवड्यातलं दुखणं वेगळं होतं. नाक चोंदलेलं, कपाळ जड, तोंडानं श्वास. नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, जोर करायचा नाही. घशात खारट पाणी उतरलं किंवा नाकातून पाण्यासारखं गळलं तर लगेच सांगायचं. लघवी मापट्यात मोजायची. सुट्टी झाल्यावरही सातव्या दिवशी रक्त तपासायला बोलावलं, सोडियम त्या सुमारास उतरू शकतं आणि त्यानंही डोकं दुखतं, मळमळतं. माझं उतरलं नाही. दीड महिन्यात ते जडपण गेलं. नजर तर दुसऱ्याच दिवशी उघडली. खिडकीतून बाहेरचं झाड काठासकट दिसलं. त्याचं ऋण मी विसरणार नाही.

आणि मग एप्रिलमध्ये जुनं दुखणं परत आलं. तेच, उजव्या डोळ्यामागचं, मळमळीसकट.

तीन महिन्यांचा एमआरआय स्वच्छ. रक्तातले हार्मोनही ठीक, सकाळी आठचं कॉर्टिसोल आणि थायरॉइड. ह्यांनी रिपोर्ट हातात घेऊन असा श्वास सोडला की मला पुढचं काही बोलवेना. साक्षीदार काढून टाकला होता. आता माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, फक्त तोंडचा शब्द. आणि तो चौदा वर्षं चालला नव्हता.

डॉक्टरांना मात्र हळूच सांगितलं. त्यांनी नवल केलं नाही. म्हणाले, कॅलेंडरवर लिहीत जा. दुखलं त्या दिवशी फुली, गोळी घेतली तर गोल. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा जास्त, महिनोन्‌महिने घेतली तर तीच डोकेदुखीला टिकवून धरते, दोन-तीन औषधांच्या मिश्र गोळ्या तर महिन्यात दहा दिवस घेतल्या तरी. म्हणून हिशेब हवा. एकदम भयंकर दुखलं आणि दिसेनासं झालं तर मात्र थांबायचं नाही, निघायचं.

कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं आहे. दुधाचा हिशेब त्यावरच, मजुरांच्या रोजीचाही. सगळे बघतात. मी फुल्या कमी करते. पुढच्या खेपेला डॉक्टर ते बघतील आणि म्हणतील, छान, सुधारणा आहे. गोळ्यांची पाकिटं मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवते. म्हणजे मी काकूशीच नाही, सगळ्यांशीच. ज्याला खरं हवं आहे त्या एका माणसाशीसुद्धा.

आणखी एक आत्ता आठवलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कुणाला अर्धशिशी होती का? मी नाही म्हणाले होते. तेही तितक्याच पटकन.

आई उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा तरी मधल्या खोलीत दार लावून पडायची. कपाळाला ओलं फडकं घट्ट बांधलेलं. आम्ही भांड्याचा आवाज केला तर आतून नुसतं "अगं बाई गं" यायचं. ओकायची. संध्याकाळी उठून फडकं तसंच ठेवून भाकरी थापायची. तिच्या दुखण्याला कुणी नावच दिलं नाही, म्हणून मलाही ते दुखणं वाटलं नाही. आई पडली आहे, एवढंच. तीही कुणी विचारलं की म्हणायची, "काई नाई, जरासं."

कोणत्या डोळ्यामागे दुखायचं तिचं? मी कधी विचारलं नाही.

हे लिहिलं आणि जरा हलकं वाटलं, विचित्रच आहे. डोकं तसंच आहे. पण गाठ माझी होती आणि हे बहुधा आईकडून आलेलं आहे. बैल गाठीसाठी गेले, नजरेसाठी गेले, आणि नजर मिळाली. ते वाया गेलेले नाहीत. या दुखण्याचा हिशेब त्यांच्या नावावर मांडायचं कारण नाही. अर्धशिशी असेल तर तिचीही औषधं आहेत. पण त्यासाठी आधी फुल्या खऱ्या हव्यात, आणि आईचं सांगायला हवं.

लिहिता लिहिता उठले. मोबाईलच्या उजेडात कालच्या चौकोनात फुली मारली, गोल केला. मागे हे उभे होते, मला कळलंच नाही.

"काय लिवून रायली?"

"काल दुखलं होतं."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परवा बी दुखत होतं तुले. म्या पाह्यलं."

परवाच्या चौकोनातही फुली केली. शुक्रवारचं मला आठवेना. त्यांनाही नाही.