हेल्मेटची काच आणि आईचं भांड्यांचं लिक्विड

आज हिंजवडीहून निघालो तेव्हा नुसती भुरभुर होती, म्हटलं जाऊ आरामात, आणि चांदणी चौकाच्या अलीकडे असा काही धो धो सुरू झाला की विचारू नका. काच खाली केली की आतून वाफ, वर केली की डोळ्यात पाणी. समोरच्या गाड्यांचे लाल दिवे नुसते पसरलेले, खड्डा कुठला नि डबकं कुठलं काय कळेना. शेवटी एक बोटभर फट ठेवून कोथरूडपर्यंत तीसच्या स्पीडने आलो, मागचे हॉर्न मारतायत तर मारू देत.

खरं तर चूक माझीच. श्वासाची गरम ओलसर हवा गार काचेला लागली की बारीक थेंब जमतात, एवढंच. त्यावर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आतून कोरड्या काचेवर चोळायचा, मऊ कापडाने दिसेनासा होईपर्यंत पुसायचा, मग पाणी थेंबाथेंबाने न जमता पातळ पसरतं आणि दिसतं. मागच्या पावसाळ्यात करायचो की, यंदा आळस. (काचेला आधीच अँटीफॉग कोटिंग असेल तर हा उद्योग नको, कोटिंग जाईल.)

आणि ती स्मोक काच! दिवसा हिरोगिरीला ठीक, रात्री पावसात निव्वळ मूर्खपणा. ग्लोव्हने पुसून पुसून चरेही पाडलेत तिच्यावर. उद्या क्लिअर काच आणतो.

आत्ता ओट्यापाशी काच घासतोय, आई म्हणते, "आलाच आहेस तर दोन भांडी पण घास."