लिंकन: नावांच्या भिंती आणि एक लँकॅस्टर

इंग्लंडमधल्या लिंकनला जाणार असाल तर आधी ईस्ट कर्कबी करा, मग कॅनविक टेकडी. आम्ही तसंच केलं, तेही योगायोगानं.

ईस्ट कर्कबीला स्वतःची गाडी हवी. तिथल्या जुन्या विमानतळावर 'जस्ट जेन' हे लँकॅस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान आहे. चार इंजिनं, सात माणसं. शेपटीतल्या गनरची काचेची खोली बघितली. विरारच्या लोकलमध्ये दारात उभं राहायला याहून जास्त जागा मिळते. त्यात तो पोरगा कडाक्याच्या थंडीत सात-आठ तास बसायचा, आणि पॅराशूट बहुधा खोलीबाहेर, मागे टांगलेलं. बॉम्बफेकीच्या अशा 30 फेऱ्या झाल्या की सुट्टी. हे विमान सांभाळलं ते कोंबड्या पाळणाऱ्या पॅन्टन बंधूंनी. त्यांचा मोठा भाऊ ख्रिस्तोफर 30 मार्च 1944 च्या रात्री जर्मनीतल्या न्यूरेंबर्गवर बॉम्ब टाकायला गेला, तो परतलाच नाही. त्या एका रात्रीत 95 ब्रिटिश बॉम्बफेकी विमानं पडली. (विमानात बसून धावपट्टीवर फेरी मारायची असेल तर तिकीट फार आधी काढा.)

दुसऱ्या दिवशी कॅनविक टेकडीवरचं इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा बॉम्बफेकी विभाग, आणि हे त्यातल्या मृतांचं स्मारक. लिंकन स्टेशनवरून ऐटीत चालत निघालो. निम्म्या चढावर बायकोनं नुसतं बघितलं. तुम्ही टॅक्सीच करा, आणि जाकीट घ्या. वर वारा थांबत नाही.

गंजाच्या रंगाचा पोलादी मनोरा 31.09 मीटर उंच, म्हणजे लँकॅस्टरच्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भोवती भिंतींवर जवळपास 58,000 नावं. उडणाऱ्या सव्वा लाखांपैकी 55,573 गेले. अक्षरं पत्र्यात आरपार कापलेली. लोक त्या फटींत कागदी पॉपी, म्हणजे युद्धातल्या मृतांच्या आठवणीचं लाल फूल, खोचून जातात. मी पॅन्टन शोधत अर्धा तास चुकीच्या भिंतींपाशी फिरलो. बॉम्बर कमांडच्या लिंकनशायरमधल्या 1 आणि 5 क्रमांकाच्या ग्रुपची नावं वेगळी, बाकीच्यांची वेगळी. सेंटरच्या संकेतस्थळावर नाव टाकून फलक क्रमांक आधीच बघून ठेवा.

आतल्या प्रदर्शनात, ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले त्यांच्याही आठवणी आहेत. त्या नसत्या तर मी लवकर बाहेर पडलो असतो.

मनोऱ्यापाशी उभं राहिलं की समोर लिंकनचं कॅथेड्रल दिसतं. परतणारी पोरं आधी तेच शोधायची. कॅथेड्रलही त्याच दिवशी उरकायचं असेल तर दुपारी लवकर निघा. शहराच्या पलीकडचा चढ याहून वाईट आहे, त्याचं नावच स्टीप हिल.