तेल लावलेली टाळू आणि चौदा झटके

मी परळच्या एका हॉस्पिटलात ईईजी काढते, म्हणजे डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवायच्या आणि मेंदूचा आलेख घ्यायचा. गेल्या पावसाळ्यात टिटवाळ्याहून सात महिन्यांचं बाळ आलं, सोबत आई आणि आजी. आम्ही आधीच सांगतो की केस धुवून आणा, तेल नको, बाळाला जागं ठेवा म्हणजे इथे झोपेल. तर आजीने टाळूवर खोबरेल थापलेलं, आणि पोरगं लोकलमध्येच मस्त झोप काढून आलेलं. खोटं कशाला सांगू, वैतागलेच.

डोकं पुसत होते तर आई म्हणाली, ताई हे बघता का जरा. मोबाईलमध्ये बाळ नुकतं उठलेलं, आणि मान खटकन पुढे, दोन्ही हात वर, सेकंदभरच, मग रडं, की परत तेच. चौदा मोजले मी. महिनाभर सगळे म्हणत होते दचकतो, पोटात मुरडा येतो, दोनदा दृष्ट काढून झाली, जवळच्या डॉक्टरांना तोंडी सांगितलं तर गॅसचं औषध मिळालं, व्हिडिओ दाखवल्यावर मात्र त्यांनी लगेच इकडे पाठवलं.

लोकांना फिट म्हणजे खाली पडणं, तोंडाला फेस, मग कांदा नाहीतर चप्पल (तेही करू नका हो, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका). हे बाळांचे झटके तसे दिसतच नाहीत. 1841 साली वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरने स्वतःच्याच मुलाचे झटके बघून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलेलं, म्हणून नाव वेस्ट सिंड्रोम.

बाळ झोपायला दीड तास गेला. स्क्रीनवर उंच उंच लाटा, कशाचा कशाला मेळ नाही, याला हिप्सअरिदमिया म्हणतात, वेस्ट सिंड्रोमची खूण. रिपोर्ट डॉक्टरच सांगतात, आपण काही बोलायचं नसतं, म्हणून चेहरा सरळ ठेवून बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. त्याच दिवशी ॲडमिट, कारण यात उपचार जितके लवकर तितकं मेंदूच्या वाढीसाठी बरं.

पेस्ट काढताना आजी हळूच म्हणाली, मी तेल लावलं म्हणून झालं का गं? नाही हो आजी, तेलाने फक्त माझ्या वायरी सुटतात. मग पहिल्यांदा हसली.

दोन दिवसांनी वॉर्डात आई भेटली. म्हणाली, व्हिडिओ आमच्या अंगणवाडीच्या ताईंना पाठवलाय, त्यांच्याकडे बाळं येतात ना.