नसलेल्या माणसाची भूमिका

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) थरार, प्रेम आणि विनोद यांच्या मिलाफासाठी नावाजला जातो. मला मात्र तो मुळात अभिनयाविषयीचा चित्रपट वाटतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले त्या सांगलीत वाढल्यामुळे तसे वाटत असेल, तर तेही मला मान्य आहे.

जॉर्ज कॅप्लन हा माणूस अस्तित्वातच नाही. खऱ्या हेरावर संशय येऊ नये म्हणून गुप्तचर खात्याने त्याच्या नावाने हॉटेलात खोल्या घेतल्या, कपडे टांगून ठेवले, आणि जाहिरात क्षेत्रातला रॉजर थॉर्नहिल (कॅरी ग्रँट) निव्वळ योगायोगाने त्या रिकाम्या भूमिकेत ढकलला गेला. आपण कॅप्लन नाही हे तो परोपरीने सांगतो, पण कोणालाच ते पटत नाही. भरलेल्या लिफ्टमध्ये त्याची आई मारेकऱ्यांनाच विचारते, की तुम्ही खरंच माझ्या मुलाला मारायला निघाला आहात का? ते हसू लागतात, पाठोपाठ सगळी लिफ्ट हसते. इथे विनोद भीती हलकी करत नाही, उलट वाढवतो.

फवारणीच्या विमानाचा प्रसंग भर उन्हात, मोकळ्या माळावर घडतो आणि बराच वेळ पार्श्वसंगीत अजिबात नाही. थॉर्नहिल मक्यात लपतो तेव्हा माझे वडील दर वेळी म्हणतात, “आपल्याकडचा उसाचा फड हवा होता!” पण विमान वरून औषध फवारते, त्यामुळे उसातूनही त्याला बाहेर यावेच लागले असते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा क्षण. त्याला त्या माळावर धाडणारी ईव्ह (इव्हा मेरी सेंट) हॉटेलात त्याला जिवंत पाहून धावत येऊन बिलगते. त्याचे हात तिच्या केसांपर्यंत जातात, पण तिला स्पर्श न करता तसेच अधांतरी राहतात. तो खरा हेर म्हणजे ईव्हच आहे आणि तीही भूमिकाच वठवत असते, हे त्याला अजून ठाऊक नाही. पुढे माउंट रशमोरच्या उपाहारगृहात ती खोट्या गोळ्या झाडून त्याला ‘मारते’, आणि मग पाइनच्या झाडीत दोघे लांब अंतरावर उभे राहून, कोणतेही सोंग न घेता, प्रथमच एकमेकांशी बोलतात. प्रेमकथा खऱ्या अर्थाने तिथे सुरू होते.