पश्चिमेची खिडकी : शटर बाहेरून की आतून? (नोंद तिसरी, नेरूळ)

मागच्या नोंदीत दोन्ही खिडक्यांची मापं घेऊन थांबलो होतो. आता ठरलं. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ॲल्युमिनियमचं रोलर शटर, बेडरूमला आतून ब्लाइंड. हे ठरवायला मदत झाली ती हिरव्या शेडनेटच्या एका तुकड्याची.

मे महिन्यात चारनंतर ऊन छज्जाखालून सरळ आत शिरतं. सूर्य डोक्यावर असेपर्यंत दीड फुटी छज्जा पुरतो, पश्चिमेला कलला की त्याचा उपयोग संपतो. आधी आतून जाड रोलर ब्लाइंड लावून पाहिला. उजेड गेला, उकाडा तसाच. ब्लाइंडला हात लावला तर नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखा गरम. काचेतून आलेलं ऊन कापडावर अडतं खरं, पण तोवर ते घरात आलेलं असतं. तापलेल्या कापडाची उष्णता काच सहज बाहेर सोडत नाही, ती खोलीतच पसरते. मग ब्लाइंड गुंडाळून बाहेरच्या ग्रिलला शेडनेट बांधली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा नेहमीच्या खुर्चीत, खिडकीशेजारीच बसले. एरवी चार वाजले की ते खुर्ची सरकवतात. मला तेवढं पुरेसं होतं. तुम्हीही शटरवर पैसे घालण्याआधी आठवडाभर नेट बांधून बघा, फार थोड्या खर्चात आपल्याच खिडकीचं उत्तर मिळतं.

पुढचा प्रश्न पेटीचा, म्हणजे शटर वर गुंडाळून ज्यात बसतं त्या डब्याचा. खिडकी ५ फूट (१५२४ मिमी) उंच, शटरची पट्टी ९ मिमी जाड, शटर ज्यावर गुंडाळतं ती नळी ६० मिमी व्यासाची. गुंडाळीचा व्यास असा काढला: नळीच्या व्यासाचा वर्ग, अधिक (४ × पट्टीची जाडी × शटरची लांबी ÷ π), आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर साधारण १४५ मिमी. पट्ट्या कापडासारख्या घट्ट बसत नाहीत, मध्ये फटी राहतात, म्हणून १६५ मिमीची पेटी घेतली. ती छज्जाखाली जेमतेम मावते, पण खिडकीची वरची काच झाकली जात नाही. ही आकडेमोड करताना मला फार मजा आली, कागद जपून ठेवलाय.

खाडी जवळ असल्यामुळे लोखंडी स्क्रू नकोच. शेजारच्या ग्रिलवर गंजाचे ओघळ रोज दिसतात. ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू आणले आणि प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर घातला. खारट ओलाव्यात स्टील आणि ॲल्युमिनियम थेट टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

या रविवारी डावा गाईड, म्हणजे शटरच्या पट्ट्या ज्यातून वर-खाली सरकतात ती बाजूची खाच, बसवला. ओळंबा सोडला तेव्हा कळलं, भिंतीचं प्लास्टरच खाली ४ मिमीने बाहेर आलंय. तसंच आवळलं असतं तर शटर खाली येताना अडकलं असतं. गाईड काढला, वरच्या बाजूला पॅकिंग दिलं, पुन्हा ओळंबा. पूर्ण सकाळ त्यात गेली, पण आता पट्टी बोटाने ढकलली तरी सरकते. मोटरच्या वायरसाठी भोक आतून बाहेर उतरतं पाडलं आणि वायरला बाहेर खाली झोळ ठेवला. पावसाचं पाणी वायरवरून ओघळून त्या झोळाच्या टोकाशी गळतं, भिंतीत शिरत नाही. गाईडच्या तळाची पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवू नका, ही चूक सहज होते.

बेडरूमला आतून का? तिथे बॉक्स ग्रिल आहे, आईची तुळस आणि कपड्यांची दोरी त्यात. बाहेरून शटर म्हणजे ते सगळं काढा, आणि तिला ते नको आहे. खिडकी उत्तरेची, ऊन तिरकं आणि थोडंच. तिथे काचेकडे पांढरी बाजू येईल असा ब्लाइंड लावतोय, म्हणजे काही ऊन परत काचेतून बाहेर जाईल.

आमचं रो-हाऊस आहे. फ्लॅटमध्ये असाल तर बाहेरच्या बाजूला काहीही बसवण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, मापं नंतर.

मोटर हाताच्या हँडलनेही फिरणारीच घेतली. वीज गेली आणि शटर बंद असलं तर खिडकी उघडता यायलाच हवी. पुढच्या रविवारी उजवा गाईड, मग नळी चढवून मोटरची वरची-खालची मर्यादा, म्हणजे शटर कुठे थांबायचं ते, लावायची. या मोटरी सलग चारेक मिनिटं चालल्या की तापून आपोआप थांबतात, त्यामुळे मर्यादा लावताना थांबत थांबत करणार आहे.