रीळ बदलेपर्यंत खुनी कोण?

ठाण्यात चरईतल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाची वर्गणी मागायला गेलं की पावती फाडायच्या आधी एकच प्रश्न यायचा, "यंदा पिक्चर कोणते?" संगीतखुर्ची, पाककला, वेशभूषा हे सगळं व्हायचंच, पण त्याची चौकशी कुणी करत नसे. तलावपाळीला गडकरी रंगायतन होतं, टॉकीजही पायी जाण्याच्या अंतरावर होत्या. तरी स्वतःच्या ओट्यावर, मांडीवर दाण्यांची पुडी घेऊन फुकट पाहायच्या सिनेमाची सर कशाला नव्हती.

कोणता सिनेमा लावायचा यावरून दर वर्षी बैठकीत भांडण. ज्येष्ठांचं म्हणणं, देवाचं कार्य आहे, संतपट लावा. पोरांना मारामारी हवी. खजिनदार काकांचा हिशेब मात्र निराळा आणि, माझ्या मते, अगदी बरोबर होता. रडका लावला की पुरुष पानाच्या गादीवर सटकतात, मारामारी लावली की बायका भांडी घासायला जातात. पहिल्या पंधरा मिनिटांत खून पडला की कुणी जागचं हलत नाही.

आणखी एक कारण होतं, ते काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. सोळा एमएमचा प्रोजेक्टर भाड्याचा आणि एकच. अख्खा सिनेमा तीन-चार मोठ्या रिळांवर यायचा. रीळ संपलं की पडदा पांढरा फटक, ट्यूबलाइट चालू, आणि ऑपरेटर नवं रीळ चढवून फिल्मचं टोक दातेरी चाकांतून ओवत बसायचा. मधेच फिल्म तुटली तर ती चिकटवायच्या द्रावणाचा उग्र वास पहिल्या रांगेपर्यंत यायचा. या पाच-सात मिनिटांत आख्खी गल्ली पोलीस व्हायची. कुणाचा संशय कुणावर, का, मघाशी ती बाई दचकली कशाला, सगळ्याची चिरफाड. आधी पाहिलेल्याने तोंड उघडलं तर त्याला आरतीच्या वेळी झांजा मिळायच्या नाहीत, असा अलिखित नियम होता. रहस्यपटाची खरी मजा या खोळंब्यात आहे, असं मला आजही वाटतं.

राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (1964) लागला तो आठवडा तर विसरणं शक्य नाही. वकिलाची बायको वारलेली, आणि दरोडेखोरांच्या टोळीत सापडलेली हुबेहूब तशीच एक बाई कोर्टात उभी राहून म्हणते, मीच ती. काशिनाथ घाणेकर तिला एकेक खासगी प्रश्न विचारतात आणि ती उत्तरं देत जाते. इथेच रीळ संपलं. तळमजल्यावरच्या काकू ठामपणे म्हणाल्या, "नवऱ्याला बायको ओळखता येत नाही, यात रहस्य कसलं? आमच्यात रोजचंच आहे." पुढचं रीळ सुरू झालं तरी हशा थांबेना. याच कथेवर 1966 मध्ये हिंदीत 'मेरा साया' आला. तो चकचकीत आहे, गाणी गाजली, पण मला 'या डोळ्यांची दोन पाखरे' पुरतं.

जागा कमी पडली की उशिरा आलेले पडद्याच्या मागे बसत. कापड पातळ, त्यामुळे चित्र मागूनही दिसायचं, फक्त उलटं. नावं वाचता यायची नाहीत आणि सगळी पात्रं डावखुरी. एका वर्षी मागच्या मंडळींनी खुनी डावखुरा आहे एवढ्यावरून तर्क लढवून एका निरपराध माणसाला फासावर चढवत आणलं होतं.

बी. आर. चोप्रांचा 'कानून' (1960) लावायला लोक कचरत होते, कारण त्यात एकही गाणं नाही. संशय थेट न्यायाधीशावर, आणि त्याच्याच कोर्टात खटला. पुरवठादाराने दिलेल्या डब्यांवरचे आकडे चुकलेले होते आणि तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लागलं. गंमत म्हणजे बराच वेळ कुणाच्याही लक्षात आलं नाही. सगळे म्हणाले, काय गुंतागुंत केलीय! यश चोप्रांचा 'इत्तेफाक' (1969) हाही बिनगाण्याचा. पावसाळी रात्र, बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आणि वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना, घरात एकटी नंदा. वर ताडपत्रीवर भाद्रपदातली सर कोसळत होती. पाऊस पडद्यावरचा की डोक्यावरचा ते कळेना.

'सामना'च्या रात्री मात्र कुणी पैजा लावल्या नाहीत. जब्बार पटेलांचा हा सिनेमा 1975 च्या बर्लिन महोत्सवात गेला होता, पण आमच्या गल्लीला त्याचं काही नव्हतं. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला एकच प्रश्न श्रीराम लागू विचारत राहतात, "मारुती कांबळेचं काय झालं?", आणि निळू फुल्यांचा हिंदुराव आधी हसतो, मग हसेनासा होतो. इथे गुन्हेगार कोण ते सुरुवातीपासून दिसत असतं. उत्सुकता आहे ती माणूस कबूल कसा होतो याची. रीळ बदलताना ट्यूब लागली तेव्हा नेहमीचा कालवा झालाच नाही. कुणीतरी फक्त चहा सांगितला. गुन्हेपट सुचव म्हटलं की मी आजही हाच पहिला सांगतो, आणि लोकांना तो गुन्हेपट वाटत नाही, म्हणून वाद घालतो.

आता चाळींच्या जागी टॉवर आहे, मंडळ पोडियमवर बसतं आणि सिनेमा भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर अखंड चालतो. गेल्या वर्षी पोरांनी 'एक रुका हुआ फैसला' (1986) लावला. एक खोली, बारा पंच, एक आरोपी. मी कार्यकर्त्याला मध्यावर मुद्दाम थांबवायला लावलं. आधी सगळ्यांनी मोबाइल काढले. मग मागून एक आजोबा म्हणाले, "तो चाकूचा पुरावा मला पटलेला नाही," आणि पुढची वीस मिनिटं सिनेमा सुरूच करता आला नाही.

यंदाच्या समितीने यादी मागितली आहे. 'पाठलाग' शनिवारी, 'इत्तेफाक' पाऊस असेल त्या दिवशी, 'सामना' विसर्जनाच्या आदल्या रात्री नको, नाचायचा मूड जातो. 'सिंहासन' (1979) निवडणुकीच्या वर्षी अजिबात लावू नये, असं मी लेखी दिलंय. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो तिथपासूनच लोक आपापल्या पक्षाची बाजू घ्यायला लागतात.